उंची आणि वाढ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातून एक लहानसा अन्याय घडला. त्यानें आम्हांस बरेंच शिकविलें, म्हणून तो येथें सांगत आहों.

श्रावणांत आठवडाभर ऊन दिसेना. अशा दिवसांत आठवीच्या दोन मुलांनीं प्रयोगशाळेच्या उत्तरेकडील खोलींत दोन कुंड्यांत मेथी पेरली. माती, बीं आणि पाणी सारखेंच. एकानें आपली कुंडी खिडकीच्या मंद उजेडावरच सोडली. दुसऱ्यानें आपल्या कुंडीवर वीतभर अंतरावर पांढरा एल.ई.डी. दिवा टांगिला, व तो रोज पहाटे आणि सायंकाळीं कांहीं तास लाविला.

दहाव्या दिवशीं आम्हीं पट्टी लावून पाहिलें. दिव्यावांचून वाढलेली मेथी चांगली बोटभर उंच भरली. आम्हीं त्या मुलाची पाठ थोपटली व दुसऱ्यास म्हटलें, "अरे बाबा, तुझा दिवा फुकट जळला!" तो कांहींच बोलला नाहीं.

पंधराव्या दिवशीं तोच आम्हांस बोलावण्यास आला. "सर, एकदां येऊन पाहतां का?" उंच रोपें पिवळट पडून मातीवर लोळत होतीं. दिव्याखालचीं ठेंगणीं, पण ताठ व गर्द हिरवीं होतीं. दोहोंतून पन्नास पन्नास रोपें उपटून, वाळवून तराजूंत घातलीं. तों ठेंगणीच जड भरलीं!

उजेड कमी पडला कीं रोप त्याच्या शोधांत देंठ ताणतें. त्या उंचीसाठीं बियांतील शिदोरीच खर्ची पडते. हिरवें पान आपलें हवा शुद्ध करण्याचें कार्य प्रकाशांतच करितें, हें यान इंगेनहाउस यांनीं १७७९ सालीं दाखविलें. नवें अन्नही त्याच कार्यांत तयार होतें. हरितद्रव्य तांबडे व निळे किरण विशेष शोषून घेतें, आणि निळ्या किरणांनीं देंठ आंखूड राहतो. पोषणाचेंही तसेंच आहे. मुळांनीं घेतलेल्या नायट्रेटापासून प्रथिनें बनविण्यास लागणारी शक्ति प्रकाशांतूनच येते. म्हणून अंधुक जागेंतील पालेभाजींत नायट्रेट सांचतें, व क जीवनसत्त्व बहुधा कमी भरतें. उलट, पुरेसा प्रकाश दिल्यास दिव्याखालींही उत्तम भाजी होते. ऑगस्ट २०१५ मध्यें आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकांतील प्रवाशांनीं अशीच वाढविलेली लेट्यूसचीं पानें खाल्लीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सर्व वर्गासमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली व प्रयोगवहींतील आमचा शेरा खोडला. आतां त्या वहींत उंचीच्या रकान्याशेजारीं वजनाचाही एक रकाना आहे. तो त्याच मुलानें आंखलेला आहे.