हुंडी वटली का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आमच्याकडे राहायला आला की दुपारचा चित्रपट ठरलेला असतो. या वर्षी त्याने ‘स्पायडर-मॅन’चे पहिले तीन भाग ओळीने तीन दिवस पाहिले व मलाही पाहायला लावले. शेवटी त्याने निकाल जाहीर केला. पहिला उत्तम, तिसरा त्याहून भारी, कारण त्यात खलनायक तीन, दुसरा मात्र ‘थोडा रडका’, म्हणून दहापैकी सहा गुण. इतरांच्या ताळेबंदांवर मत देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा निकाल मुकाट्याने मान्य करणे जमेना.

सॅम रायमी यांनी दिग्दर्शित केलेले हे तीन चित्रपट २००२, २००४ आणि २००७ साली आले. पहिल्याने जगभरात सुमारे ८२ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने सुमारे ७९ कोटी आणि तिसऱ्याने सुमारे ८९ कोटी. केवळ उलाढाल पाहिली तर दुसरा भाग तिघांत मागे पडलेला दिसतो. तरीही अतिमानवी नायकांच्या उत्तम चित्रपटांची चर्चा निघाली की अनेक समीक्षक याच भागाचे नाव आवर्जून घेतात. उलाढाल वेगळी आणि पत वेगळी, हे आपल्या व्यापारी घरांतील वाचकांना मी काय सांगावे?

मग उत्तरभाग मोजायचा कोणत्या मापाने? माझ्या मते पहिला भाग ही एक हुंडी असते. त्यात पीटर पार्कर या तरुणाला अचाट शक्ती मिळते, त्याच्या एका बेपर्वाईमुळे वडिलांसारख्या काकांचा जीव जातो आणि शक्तीबरोबर जबाबदारी येते, हे तो मनोमन स्वीकारतो. हुंडी लिहिली गेली. पण लिहिणे सोपे असते. मुदत भरल्यावर ती वटते की नाही, यावरच पेढीचे नाव अवलंबून असते.

दुसरा भाग या मुदतीचा हिशेब मांडतो. लोकांचे प्राण वाचवण्याच्या धावपळीत पीटरला पिझ्झा पोहोचवण्यास उशीर होतो आणि नोकरी जाते. अभ्यास मागे पडतो, खोलीचे भाडे थकते. घराचे हप्ते थकलेली विधवा काकू वाढदिवसानिमित्त त्याच्या हातात आग्रहाने २० डॉलरची नोट कोंबते, तेव्हा ती तिला परवडणारी नाही हे दोघांनाही ठाऊक असते. पुढे तो थकून आपला पोशाख कचऱ्यात टाकून देतो. जबाबदारीची किंमत रुपये-आणे-पैशांत दाखवणारा असा नायक मी तरी तोवर पाहिला नव्हता. नातवाला जे रडके वाटले, ते खरे तर त्या हिशेबाचे खर्चाचे पान आहे.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नव्हे. नायिकेने ऐन लग्नाच्या वेळी चर्चमधून निघून नायकाकडे यावे, हे मला आजही रुचत नाही. ज्याला तिने तिथे ताटकळत ठेवले, त्याचा विचार कोणी करायचा? परंतु तिसऱ्या भागात तीन खलनायकांची इतकी गर्दी झाली आहे की एकाचेही दुःख मनात मुरत नाही. दुकानात माल वाढला म्हणून गिऱ्हाईक समाधानी होतेच असे नाही.

आता माझ्या मताचे खरे कारण सांगतो. २००४ साली मी मुलाला घेऊन हा चित्रपट पाहिला. त्यात पीटर आणि काकू कर्जासाठी बँकेत जातात. अधिकारी हसतमुखाने नकार देतो. काकू विचारते, निदान खाते उघडल्यावर मिळणारा टोस्टर तरी मिळेल ना? तर त्यालाही ठरावीक रकमेची ठेव हवी असते. चित्रपटगृह हसले. मी हसलो नाही. त्याच आठवड्यात एका वयस्क विधवाबाईंचा अर्ज मी परत केला होता. उत्पन्न अपुरे होते, तारण नव्हते. नियमाने माझा निर्णय अचूक होता. पण त्या बोलत असताना मी दुसऱ्या फाइलवर सह्या करीत होतो आणि त्यांना बसा म्हणायचेही राहून गेले होते. त्या पुन्हा शाखेत आल्या नाहीत. पुढे निवृत्तीपर्यंत मी नकार अनेक दिले, पण समोरच्याला बसवून, पेन खाली ठेवून दिले. एवढाच काय तो त्या दोन मिनिटांच्या प्रसंगाचा माझ्यावरील परिणाम.

नातवाला ही हकिगत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आजोबा, म्हणजे तो बँकवाला बरोबर होता ना?”

“नियमाने बरोबर होता.”

“मग तुम्हाला वाईट का वाटलं?”

उत्तर देण्यापूर्वी मला बराच विचार करावा लागला. तिसऱ्या भागातील मारामारीबद्दल त्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा चित्रपट आजही आजोबा-नातवाला असे समोरासमोर बसवतो, तेव्हा ती हुंडी वटली असे मी समजतो.

नातवाने गुण वाढवून साडेसात केले आहेत. उरलेल्या अडीचांसाठी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बैठक होईल.