माथेरानची हातरिक्षा

कॅम्प १ मधून माथेरान काही लांब नाही. शहाडहून कल्याण, तिथे कर्जत लोकल धरायची, अंबरनाथ-बदलापूर मागे पडले की नेरळ. रविवारी डबे आणि चटया बांधून आमच्या वस्तीतली कुटुंबे निघतात. १९०७ पासूनची छोटी गाडी मिळाली तर पोरांची चंगळ, नाहीतर टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे मोटारीला बंदी. धूर नाही, भोंगा नाही. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. झाडी राखायला त्याची मदत झाली, हे कबूल.

पण मोटार नाही म्हणून वर ओझे कोण वाहतो? घोडे, हमाल आणि हातरिक्षा. लाल मातीच्या चढावर एकजण पुढून ओढतो, बाकीचे मागून ढकलतात, आणि आत माणूस बसलेला. हवा शुद्ध राहावी म्हणून गरिबाने छाती फोडून घ्यायची, हा हिशेब आम्हाला कधीच पटला नाही.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. खंडपीठावर तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई होते. संविधानाने दिलेल्या सामाजिक व आर्थिक समतेच्या वचनाची आठवण त्यांनी सरकारला करून दिली. रिक्षा ओढणाऱ्यांचे पोट बुडू नये म्हणून गुजरातमधील केवडियाप्रमाणे ई-रिक्षा त्यांना भाड्याने द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले.

कागदावर प्रश्न सुटला. डोंगरावर मात्र तो रस्त्यापाशी अडतो. ई-रिक्षेला नीट वाट हवी, मातीची वाट पावसात वाहून जाते. पेव्हर ब्लॉकला पर्यावरणवाले आणि घोडेवाले दोघांचाही विरोध. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक मान्य केले, जंगलातल्या वाटांवर नाही. घोडेवाल्याला धंदा बसण्याची धास्ती आहे. त्याचीही पोरे शाळेत जातात, हे विसरून चालणार नाही.

जाणाऱ्यांनी पिशव्या-बाटल्या परत आणाव्यात. पूर्वेकडच्या उताराचे पाणी नेरळकडून उल्हास नदीला मिळते, आणि ती पुढे आपल्या शहाडवरूनच जाते. सोबत म्हातारे माणूस असेल तर अमन लॉजहून छोट्या गाडीची शटल धरावी. ई-रिक्षेत बसलात तर चालवणाऱ्याशी दोन शब्द बोला. पूर्वी तो काय ओढत होता आणि आता गाडी कोणाच्या नावावर आहे, एवढे विचारा.