उगमापाशी दोन रात्री

डोंगरात मुक्कामाला निघालेल्या कुटुंबाने खडेबाजारातून काय आणावे याची यादी सहज होते. काय आणू नये याची यादी करणे मात्र जिकिरीचे असते. हल्ली 'पर्यावरणस्नेही सहल' असा एक भारदस्त शब्द रूढ झाला आहे आणि त्या शब्दाच्या आधाराने बरीच नवी सामग्री विकली जाते. आमच्या मामंजींचे म्हणणे असे की, जी वस्तू सहलीसाठी मुद्दाम विकत घ्यावी लागते तिच्यात स्नेह कमी आणि व्यापार जास्त. तेव्हा घरातलेच पितळी डबे, तांब्याची कळशी, जुन्या लुगड्यांच्या पिशव्या आणि कोळशाची शेगडी बाहेर निघाली. बाजारातून आणल्या त्या केवळ पत्रावळी. आणि कुंदा, तोही आपला डबा नेऊन त्यात तोलून घेतलेला. तंबू तेवढे एका स्नेह्यांकडून मागून आणले.

पिरनवाडी, किणये मागे टाकून गाडी जांबोटीच्या झाडीत शिरली की बेळगावकराला आपण कोणत्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो याचे भान येते. रस्ता पुढे कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो. येणारे-जाणारे बहुतेक उतरण्याच्याच घाईत असतात. कणकुंबी मात्र थांबण्याचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फुटांवर, पावसाळ्यात जिल्ह्यातील अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आणि मलप्रभेचे उगमस्थान. माउलीदेवीच्या देवळापाशी ही नदी जन्म घेते. पुढे सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या धरणात साठते, पट्टदकल आणि ऐहोळच्या देवळांजवळून जाते आणि कूडलसंगमाला कृष्णेत मिळते.

येथील डोंगरांची गंमत अशी की, एका अंगाला पडलेला पाऊस मलप्रभेवाटे बंगालच्या उपसागराला जातो, तर दुसऱ्या अंगाचा पाऊस म्हादईत, म्हणजे गोव्यातल्या मांडवीत मिळून पणजीपाशी अरबी समुद्र गाठतो. या दुसऱ्या अंगाचे कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवावे की नाही, यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षे तंटा चालला आहे. लवादाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा दिला, तरी प्रकरण न्यायालयात गेलेच. त्यासाठी झालेले खोदकाम कणकुंबीजवळ पाहावयास मिळते. पाण्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. पण घाटरस्त्याच्या कठड्यांपाशी पडलेल्या बाटल्यांवर हक्क सांगायला अद्याप कोणतेही राज्य पुढे आलेले नाही!

मुक्कामासाठी आम्ही रानात शिरलो नाही. दक्षिणेकडचे भीमगडाचे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे रान २०११ च्या डिसेंबरात अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथे आपल्या मर्जीने तंबू ठोकता येत नाही आणि ठोकूही नये. त्याच रानात तळेवाडी-कृष्णापूरच्या बाजूला बारापेडे नावाच्या गुहा आहेत. १९१३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवलेली वटवाघळाची एक दुर्मीळ जात कित्येक दशके जगात केवळ या गुहांतूनच ठाऊक होती. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली. मुलांना गुहा पाहावयाच्या होत्या. त्या निजलेल्या जीवांवर विजेरीचा झोत टाकण्याने आपले ज्ञान वाढते असे मला वाटत नाही, म्हणून तो बेत मी मोडून काढला. एका परिचित शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या भातखाचरात, त्यांच्या अनुमतीने, आम्ही बिऱ्हाड मांडले. कापलेल्या शेतात तुडवण्यासारखे काही उरलेले नसते. शिवाय माणसाच्या शेजाराने रात्री निर्धास्त वाटते.

पहिल्याच सकाळी वादाला तोंड फुटले. खाचराच्या कडेने एक बारीक ओहोळ वाहत होता. थोरल्याने साबण, टॉवेल घेऊन थेट तिकडे मोर्चा वळवला, धाकटी खरकटी भांडी घेऊन त्याच्यामागे. मामंजींनी दोघांना हाक मारली.

"हे पाणी कुठं जातं, ठाऊक आहे का?"

"नदीला," थोरला म्हणाला.

"आणि नदी?"

"धरणात. पण आजोबा, एवढ्याशा साबणानं काय होणार?"

"त्या धरणाचं पाणी हुबळी-धारवाडच्या नळांना येतं. म्हणजे तुझ्या मावशीच्या माठात. तिला पत्र लिहून विचारून घे आणि मग लाव साबण."

पोरगा हसला, पण साबण खिशात गेला. अमेरिकेतल्या रानवाटांवर हिंडणाऱ्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: धुणे, आंघोळ किंवा शौच, जे काही करावयाचे ते प्रवाहापासून २०० फूट दूर, खड्डा ६ ते ८ इंच खोल आणि नंतर मातीने बुजवलेला. आमच्या पावलांनी ते अंतर सत्तर-ऐंशी भरले. तेवढ्या अंतरावर कळशीने पाणी वाहून नेताना, आपल्याला एका आंघोळीला किती पाणी लागते याचा हिशेब मुलांना न शिकवता कळला. दुसऱ्या दिवशी दोघांचीही आंघोळ अर्ध्या कळशीत उरकली. भांडी राखेने घासली.

राखेवरून शेकोटीची गोष्ट आठवली. मुलांना ती हवीच होती, आणि थंडी तर दात वाजवणारी. शेताच्या मालकाच्या आई, सत्तरी उलटलेल्या, आमची लाकडांची जमवाजमव पाहत बांधावर उभ्या होत्या. "जाळ करू नका म्हणत न्हाई मी," त्या म्हणाल्या, "पर पाला आधी लांब लोटा. आनि ते पोकळ लाकूड ठेवा तितंच, त्यात कुनाचं घर आसंल." त्यांनी स्वतः वाकून झाडीच्या कडेचा वाळका पाला हाताने मागे सारला. नंतर त्या लाकडाच्या तोंडाशी मुलांना मुंग्यांची रांग दिसली. शेकोटी मग त्या आजींच्या अंगणातल्या जुन्याच जागी पेटली. नव्या जमिनीला डाग पडला नाही आणि आम्हांला नाचणीची गरम भाकरी मिळाली. आजींनी कुंद्याची वाटी अगदी चाटूनपुसून परत केली.

रात्री विजेऱ्या मालवल्यावर आकाशाकडे पाहण्याची जी उसंत मिळाली, तिचे वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. नणंदेने मात्र एवढेच म्हटले, की गल्लीतल्या गच्चीवरून दिसते ते आकाश हेच, यावर विश्वास बसत नाही.

निघताना तंबूंच्या जागेवर दबलेली धसकटे तेवढी राहिली. पत्रावळी आणि भाज्यांची साले गोठ्यामागच्या उकिरड्यात गेली. संत्र्याची सालेही तेथेच टाकली. ती रानात भिरकावली की महिनोन्महिने तशीच राहतात आणि माकडांना माणसाच्या खाण्याची चटक लागते. आमचा स्वतःचा न कुजणारा कचरा एका रिकाम्या डब्यात मावला: औषधाच्या गोळ्यांची दोन पाकिटे, दुधाच्या चार पिशव्या आणि बॅटरीचे सेल. मग मुलांच्या आग्रहावरून घाटाच्या दिशेने अर्धा मैल चालत जाऊन रस्त्याकडेच्या बाटल्या वेचल्या. शेतमालकांनी दिलेली दोन पोती तासाभरात भरली. तिसरे पोते मागायला धाकटी धावत गेली, तेव्हा आजी विचारत होत्या, "आनि किती दिवस ऱ्हानार तुमी?"