फक्त दोन भाकऱ्या

२०२५ साली आमचा रमजान आणि ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ जवळजवळ एकत्रच सुरू झाला. २ मार्चला पहिला रोजा, ५ मार्चला राखेचा बुधवार. ऑफिसात माझ्या शेजारी वसईचा एक कॅथलिक मित्र बसतो. त्या दिवशी तो कपाळावर राखेची खूण घेऊन आला. नियम विचारले तर म्हणाला, आज आणि गुड फ्रायडेला एकच पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. शुक्रवारी मांस नाही.

"दोनच दिवस? आणि पाणी चालतं?" मी हसलो.

"अरे, तुमचा उपवास कठीण, कबूल. पण मगरिबनंतर तुम्ही काय करता?"

हे मात्र लागलं. रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात वजन उतरण्याऐवजी चढतं, हे काही गुपित नाही. पण मी त्याला ऐटीत सांगितलं, "मी त्यातला नाही. मला शुगर आहे. डॉक्टरांना विचारून रोजे धरतो आणि संध्याकाळी फक्त दोन भाकऱ्या खातो."

त्याने मग खादाडपणाच्या पापाबद्दल काही वाचायला सुचवलं. सात पापांतलं हे एक, एवढंच मला ठाऊक होतं, आणि ते जाड्या माणसांचं पाप असावं असा माझा समज. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरींनी याचे पाच प्रकार सांगितलेत: वेळेआधी खाणं, उंची पदार्थांचा सोस, फार खाणं, अधाशासारखं खाणं आणि चोचले पुरवून घेणं. म्हणजे 'फार' हा पाचांतला एकच! संत ऑगस्टीन तर म्हणतात की दोष अन्नात नसतो, हव्यासात असतो. एलियाने मांस खाल्लं, त्याचं काही बिघडलं नाही. एसाव मसुरीच्या कालवणासाठी वडिलकीचा हक्क विकून बसला. मसूर! आमच्या घरात आजारी माणसाला देतात ती.

त्याआधी चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा साधू होऊन गेला. त्याचं निरीक्षण मला सगळ्यात चलाख वाटलं. उपवास करणाऱ्याच्या मनात खादाडपणा पक्वान्नं घेऊन येत नाही, म्हणतो तो. तो येतो तब्येतीची काळजी घेऊन: तुझं पोट बिघडेल, यकृत बिघडेल, इथे वैद्यही नाही.

आणि मग सी. एस. लुईस. १९४२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात एक अनुभवी सैतान आपल्या भाच्याला पत्रं लिहितो. त्यातल्या एका पत्रात एक म्हातारी आहे. तिला फार काही नको असतं, फक्त चहा आणि टोस्टचा तुकडा. पण तो तिला हवा अगदी तसाच. त्यापायी यजमान, मोलकरणी सगळे हैराण. खाते थोडं, म्हणून आपण खादाड आहोत हे तिला कळतच नाही. सैतान तिच्यावर बेहद्द खूश.

ते पान मी दोनदा वाचलं.

माझ्या दोन भाकऱ्या ज्वारीच्या. पातळ हव्यात, पण करपलेल्या नकोत. गरम हव्यात, म्हणजे मी मगरिब पढून आल्यावरच तव्यावर टाकायच्या. डाळीत तेल कमी, पण फोडणीचा वास यायला हवा. हे सगळं सून करते. तिचाही रोजाच असतो. एका खजुरावर रोजा सोडून ती तव्यापाशी उभी राहते आणि मी डॉक्टरांचं नाव पुढे करतो. तिच्यासाठी काढलेल्या भज्या तोवर गार झालेल्या असतात. हे मला दिसत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, भाकऱ्या आधीच करून ठेव. ती चमकली. ताटात जाड, एका कडेला काळी पडलेली भाकरी आली.

"अब्बा, दुसरी करून देऊ?"

"नको. तू बस."

ती बसली, तिनं खाल्लं. मीही गार भाकरी चावत राहिलो. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी तोंडातून निघून गेलंच, "डाळ जरा..."

बायकोने मान वर करून पाहिलं. सून उठायच्या बेतात होती.

"...छान झालीय," मी म्हणालो. अळणी होती.