आधी सेव्ह, मग गेम

गेमबॉय सुरू केल्यावर वरून खाली उतरणारी ‘निन्टेंडो’ ही अक्षरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी कधी ना कधी त्या जागी नुसती काळी पट्टीही पाहिली असेल. प्रत्येक कॅसेटमध्ये त्या अक्षरांचं चित्र ४८ बाइटांत साठवलेलं असतं. गेमबॉय ते वाचतो, स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो आणि जुळलं नाही तर तिथेच थांबतो. काळी पट्टी दिसली की घरचे लोक कॅसेट ‘गेली’ म्हणून टाकून देतात. पण बहुतेक वेळा चिप ठणठणीत असते. कडेच्या धातूच्या ३२ पट्ट्यांवर मळ चढलेला असतो, इतकंच.

म्हणून जुन्या कॅसेटचा डम्प घेण्याचं काम, म्हणजे तिच्या चिपमधली माहिती जशीच्या तशी संगणकावर उतरवण्याचं काम, सफाईपासून सुरू होतं. जुन्या गेमबॉय कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना ३.८ मिलिमीटरचं खास टोक लागतं. कॅसेट उघडली की कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्ट्यांवरून फिरवायची. पहिली काडी करडी होते, दुसरी, तिसरीही. कापूस पांढरा राहीपर्यंत थांबायचं नाही. लहानपणी सगळ्यांनी मारलेली फुंकर इथे कटाक्षाने टाळायची, कारण तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. रीडरला, म्हणजे कॅसेट वाचणाऱ्या यंत्राला, जोडण्याआधी व्होल्टेजही पाहायचं. जुन्या गेमबॉयची कॅसेट ५ व्होल्टवर चालते, गेमबॉय ॲडव्हान्सची ३.३ वर. इथली घाई थेट चिपच्या जिवावर बेतू शकते.

यापुढचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं आणि आतून फार देखणं असतं. गेमबॉयला एका वेळी कॅसेटमधले ३२ किलोबाइटच दिसतात. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पोकेमॉनच्या पहिल्या गेममध्ये याहून कितीतरी जास्त माहिती होती. इंग्रजी ‘पोकेमॉन रेड’ तर पूर्ण एक मेगाबाइटचा. तेव्हा १६ किलोबाइटचा एकेक कप्पा आळीपाळीने समोर आणला जातो, असे ६४ कप्पे. रीडर नेमकं हेच करतो: कप्पा मागतो, वाचतो, पुढचा मागतो. यात एखाद्या पट्टीचा संपर्क नीट नसेल, तर डम्प तरीही पूर्ण होतो, फाइलचा आकारही बरोबर येतो, फक्त आतला मजकूर चुकीचा असतो. सरावलेला माणूस चुकीचा नमुना पाहूनच रोग ओळखतो. फाइलमधली प्रत्येक संख्या विषम निघाली, तर सर्वांत खालचा बिट कायम १ वाचला जातोय, म्हणजे २२ क्रमांकाची पट्टी पुन्हा पुसायची. ठरावीक अंतराने तोच तुकडा पुन्हा पुन्हा दिसला, तर गडबड कुठली जागा वाचायची तो पत्ता नेणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीत आहे.

गेमचा डम्प बरोबर आहे की नाही, हे ठरवायला आज चांगली सोय आहे. ‘नो-इन्ट्रो’सारख्या सूचींमध्ये हजारो कॅसेटींचे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले आकडे, नोंदवलेले आहेत, आपल्या फाइलचा आकडा त्यांच्याशी जुळला की प्रश्न मिटला. ‘रेड’च्या लाखो कॅसेट जगात आहेत आणि त्यांच्यातला गेम तोच आहे.

सेव्हचं तसं नाही. ‘रेड’च्या कॅसेटमध्ये ३२ किलोबाइटची एक वेगळी मेमरी असते आणि ती एका छोट्या लिथियम सेलवर जिवंत राहते. एखाद्या मुलाने सुट्टीभर खेळून गोळा केलेले प्राणी, त्यांना ठेवलेली मित्रांची नावं, शेवटचा खेळ थांबला ती जागा, सगळं तिथे. सेल संपला की सगळं गेलं. पोकेमॉनच्याच ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तोच सेल घड्याळही चालवतो, त्यामुळे तो आणखी लवकर संपतो. ही माहिती जगातल्या कुठल्याही सूचीत नाही, कारण तिची दुसरी प्रत कधी निघालेलीच नसते.

तरीही बहुतेक जण उलट्या क्रमाने काम करतात. उत्साहाने आधी गेम उतरवतात, नाहीतर थेट सोल्डर काढून जुना सेल बदलतात, आणि सेल सुटताच सेव्ह पुसला जातो. योग्य क्रम एकच: कॅसेट साफ करायची, सेव्ह वाचायचा, कॅसेट काढून पुन्हा लावायची, सेव्ह दुसऱ्यांदा वाचायचा आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आल्या तरच पुढे जायचं. सॉफ्टवेअरच्या एकाच खिडकीत सेव्ह वाचायचं आणि सेव्ह लिहायचं अशी दोन्ही बटणं असतात. तिथे हात सांभाळायचा.

असाच एकमेव ऐवज आपल्याकडे कपाटांत आणि माळ्यांवर पडून आहे. भारतात नव्वदीच्या दशकात खेळले गेलेले टीव्ही गेम बहुतांशी फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राच्या नकला होत्या आणि त्यांच्या ६० पट्ट्यांच्या कॅसेटींवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. कॅसेटमधल्या गेमच्या यादीत मारिओ आणि काँट्रा वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. कुठे जास्तीचे जीव, कुठे सुरुवातीलाच चांगली बंदूक. आत कोणते गेम खरोखर आहेत, ते कोणी आणि कसे बदलले, हे फक्त डम्पवरून कळतं. तो घेणं मात्र अवघड. गेमबॉयच्या कॅसेटमध्ये तिचा प्रकार आणि आकार सुरुवातीलाच लिहिलेला असतो, फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये असं काहीच नसतं. त्यात या नकली कॅसेटींच्या चिपवर काळ्या इपॉक्सीचा गोळा ओतलेला असतो, त्यामुळे क्रमांकही दिसत नाही. बोर्डावरची एकेक रेघ मीटरने तपासत कप्पे कसे बदलतात ते शोधावं लागतं. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघा ४० किलोबाइटचा. तो कधीच सुरक्षित झाला आहे. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या बाजारात विकली गेलेली कॅसेट सुरक्षित झाली आहे, असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

सगळं जपण्याचा हा हट्ट कुठवर नेता येतो, हे ‘निअर’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने दाखवलं. प्रसिद्ध झालेला प्रत्येक सुपर निन्टेंडो गेम मूळ कॅसेटवरून पुन्हा वाचायचा आणि बोर्डाचे फोटोही ठेवायचे, हा त्यांचा ध्यास. २०१७ मध्ये युरोपातून आलेल्या कॅसेटींचं मोठं पार्सल टपालात गहाळ झालं, पुढे ते सापडलं आणि काम पुन्हा सुरू झालं. २०२१ मध्ये निअर गेले. याच हट्टापायी आणखी एक अडचण ओलांडली गेली: ‘सुपर मारिओ कार्ट’सारख्या गेममधल्या गणिती चिपचा आतला प्रोग्रॅम कडेच्या पट्ट्यांतून वाचताच येत नव्हता, तो मिळवायला चिपचं कवच आम्लाने विरघळवून ती सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागली.

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. कंपन्या ते जपतील, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. राहिला स्वतः प्रत काढण्याचा प्रश्न. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप घेऊ देतं. ती वाटण्याची मुभा त्यात नाही.

घरात जुनी कॅसेट असेल तर ती भंगारात देऊ नका आणि सेल बदलायला लगेच कोणाच्या हाती सोपवू नका. दुरुस्ती करणाऱ्याला आधी विचारा, सेव्ह काढून ठेवता येतो का. तो ‘नाही’ म्हणाला, तर कॅसेट घेऊन परत या.