डकट्विन पाण्यात घालण्याआधी

मिलवॉकी,
१२ ऑगस्ट

चि. समीर,

शेजारच्या आजोबांनी दिलेल्या इंजिनाचे फोटो पाहिले. ३ हॉर्सपॉवरचं एव्हिनरूड डकट्विन आहे ते, बदकांच्या शिकाऱ्यांसाठीच काढलेलं. म्हणून तो मळकट हिरवा रंग. कृपा करून तो घासून नवा चढवू नकोस. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये आमच्या याच गावातून दीड हॉर्सपॉवरचं इंजिन विकायला काढलं, ते २८ किलोंचं होतं. तुझं त्याच्या दुप्पट ताकदीचं, आणि एका हाताने उचलशील इतकं हलकं. २०२० मध्ये हे नाव बाजारातून गेलं, पण सुटे भाग अजून मिळतात. असं इंजिन फळीवर मांडून ठेवणं मला बघवत नाही.

ठिणगी येत नसेल तर आधी कॉइल बघ. त्या काळच्या कॉइलींचं आवरण हमखास तडकतं. त्या फ्लायव्हीलखाली असतात, आणि फ्लायव्हील पुलर लावूनच काढायचं. हातोडा मारलास तर क्रँकशाफ्ट कामातून जाईल. नव्या कॉइली बसवल्यास की पॉइंटमधली फट ०.०२० इंच ठेव. पाण्याच्या पंपातला इम्पेलर कसाही दिसो, बदलच. मग पिंपात पाणी भरून इंजिन चालव आणि सिलिंडरच्या डोक्यावर पाण्याचा थेंब सोड. चरचरला तर इंजिन थंड होत नाहीये, तत्क्षणी बंद कर. खालच्या गिअरमधलं तेल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलंय, पाणी शिरतंय; थंडीत तेच पाणी गोठून गिअरचं घर फोडतं. पेट्रोल इथेनॉल नसलेलं घे, २४ भागांना १ भाग तेल.

तुमच्या ला क्रॉसच्या बाजूला मिसिसिपीवर १९३०च्या दशकात बंधारे झाले आणि काठची जंगलं पाण्याखाली गेली. त्यांचे बुंधे अजून तिथे आहेत. पंखा बुंध्यावर आपटला की शिअर पिन तुटते आणि गिअर वाचतो. ती तुटण्यासाठीच असते, तिच्या जागी खिळा ठोकू नकोस. जादा पिना, पक्कड आणि वल्ही होडीत असलीच पाहिजेत. नोव्हेंबरच्या पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही, तेव्हा लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नव्हे.

आणखी एक, या इंजिनाला न्यूट्रल नाही. दोरी ओढून ते पेटलं की होडी निघालीच, म्हणून शिकारीला निघताना ओढण्याआधी कुत्रा बसलेला आणि बंदूक रिकामी, खोळीत. मागे जायचं तर अख्खं इंजिन फिरवायचं. बदकांवर नेम धरण्याआधी इंजिन पूर्ण बंद आणि होडीचा वेग संपलेला हवा, हा इथला केंद्रीय कायदा आहे. मला तो मनापासून पटतो. इंजिन शिकारीच्या जागेपर्यंत नेण्यासाठी. पाखरामागे पळवण्यासाठी नाही.

पुलर माझ्याकडे आहे. शनिवारी येतो, तोवर फ्लायव्हीलला हात लावू नकोस. मागच्या कंसावरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर मात्र आजच कळव, म्हणजे इम्पेलर आणि सील मागवून सोबतच आणता येतील.

तुझा,
मामा