विदेश पाहिला, इटियाडोह राहिला

मंडळी, धान चुरून झाले, तणसाचे ढीग रचून झाले, विक्रीचा थोडाफार पैसा हाती आला, की आपल्या पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला पाय मोकळे करावेसे वाटतात. मग आपण काय करतो? मंडईला पाहुणे म्हणून जातो, रात्रभर नाटक पाहतो, एखादे लग्न गाठतो. फारच झाले तर रामटेक नाहीतर शेगाव. ‘फिरायला जाणे’ हे शहरातल्या लोकांचे काम. आपल्यामागे ढोरे-वासरे, आपल्याला ते कसे जमणार, अशी आपली समजूत. माझीही होती. ती दोन प्रवासांनी मोडली. एक प्रवास समुद्रापलीकडचा होता, दुसरा पहाटे निघून रात्री घरी परतण्याचा. दोन्ही तुम्हाला सांगतो, आणि त्यांतला दुसरा तुम्ही याच हिवाळ्यात करावा असा आग्रहही करतो.

मी गोरेगाव तालुक्यातला साधा धानवाला. शासनाच्या कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांचे परदेश अभ्यास दौरे निघतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. खर्चाचा काही वाटा शासन उचलते, उरलेला आपण भरायचा. अशा एका दौऱ्यात मला व्हिएतनाम देश पाहण्याचा योग आला. जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, पहिल्यांदा विमानात बसलो. कान दुखले, शेजारच्या गाववाल्याचा हात घट्ट धरला, हेही लपवून ठेवत नाही.

तिथे मेकाँग नदीच्या मुखाशी मैलोगणती धान पसरलेले आहे. वर्षातून दोन-दोन, कुठे तीन-तीन पिके. आपल्यासारखा पऱ्हा उपटून रोवणा करण्याची धांदल फारशी नाही. मोड आलेले बी ते सरळ चिखलात पेरतात. कापणी झाली की बदकांचे कळप बांध्यांत सोडतात; सांडलेले दाणे आणि किडे बदकांच्या पोटात, आणि खत जमिनीत. रस्त्यांपेक्षा कालवे जास्त, बैलगाडीच्या जागी होडी. कान थो या शहराजवळ तर पहाटे नदीच्या पात्रातच बाजार भरतो. ज्याला जे विकायचे ते तो होडीवरच्या उंच काठीला टांगतो. अननस टांगला म्हणजे अननसाची होडी, भोपळा टांगला म्हणजे भोपळ्याची. वाचता येवो न येवो, गिऱ्हाईक बरोबर पोहोचते. हे पाहून मी लहान पोरासारखा हरखून गेलो.

पण मंडळी, त्या दौऱ्यातली खरी आठवण निराळीच आहे. एका संध्याकाळी तिथल्या एका धान उत्पादकाच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. दुभाषी मध्ये होता. त्या गृहस्थाने विचारले, “मी तुमच्या गावी आलो, तर तुम्ही मला काय दाखवाल?” मी म्हणालो, “ताजमहाल आहे, मुंबई आहे.” तो हसला. म्हणाला, “ती तर दूर असतील. तुमच्या घराजवळचं विचारतो.” माझी जीभ टाळ्याला चिकटली. नवेगावबांध, नागझिरा ही नावे तोंडावर आली, पण त्यातले मी एकही नीट पाहिले नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीचे वर्णन तरी काय करणार? काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मला परमुलखात जाऊन उमगली.

घरी आल्यावर मी आठ दिवस सगळ्यांना व्हिएतनामच्या गोष्टी सांगितल्या. आई ऐकत होती. तिचे वय पंचाहत्तरीच्या आसपास. एका दुपारी ती सूप हातात धरून सहज बोलून गेली, “तू तर लय पानी पायलास बापा. मले आमच्या धरनात पानी भरल्यालं पाहाचं होतं.” मी विचारले, “कोणतं धरण माय?” ती म्हणाली, “इटियाडोह.”

मग सगळे बाहेर आले. तिचे माहेर अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले. इटियाडोह धरण बांधले जात होते, तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. बापासोबत, बहिणीसोबत तिने त्या धरणावर मातीची टोपली वाहिली. मग लग्न होऊन ती इकडे आली. भाऊ कामाला भिलाईला गेले आणि तिकडचेच झाले, आई-बाप वारले, माहेरचे घर उरले नाही. धरण १९७० साली पूर्ण झाले, त्याला पाणी आले, कालवे वाहू लागले. ज्या हातांनी माती टाकली त्या माझ्या आईने ते पाणी कधी पाहिलेच नाही. आणि विमानातून समुद्र ओलांडून आलेल्या तिच्या लेकाला ही गोष्ट ठाऊकसुद्धा नव्हती!

त्याच जानेवारीत आम्ही बेत ठरवला. आधी आईच आडून बसली. “मी कायले येऊ? ढोरायले पानी कोन दाखवल?” मग ढोरांचे काम चुलतभावाने घेतले. शेजारचे एक घर सोबत आले, दोघांत मिळून गाडी ठरवली. बायकोने तांदळाच्या भाकरी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला. पहाटे पाचला निघालो, कोहमाऱ्याला चहा घेतला आणि दिवस वर येता येता नवेगावबांधला पोहोचलो.

तलाव पाहून पोरे गप्पच झाली. सुमारे ११ चौरस किलोमीटरचे पाणी, भोवती डोंगर आणि जंगल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. कोहळी समाजाची तलाव बांधण्यात किती हातोटी, हे आपल्या भागात सांगायला नको. आपल्या गावोगावचे मालगुजारी तलाव आजही धान पिकवीत आहेत. नवेगावचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नोकरीची बरीच वर्षे इथे काढली आणि इथल्या रानावर आणि पाखरांवर मराठीत भरभरून लिहिले. २०२५ साली ते गेले, पण त्यांची पाखरे दर हिवाळ्यात येतात. त्यांतली कितीतरी बदके सायबेरिया, मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. माझ्या मुलाने मोजणी सुरू केली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिली. तो म्हणाला, “बाबा, यायले पासपोर्ट नाही लागत?” सगळे हसले.

शिदोरी तलावाकाठीच सोडली. तिथून अर्जुनीवरून प्रतापगडाकडे वळलो. महाशिवरात्रीला तिथे महादेवाची मोठी यात्रा भरते, आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. दोन्हीकडे हात जोडून पुढे गोठणगावकडे निघालो, तर रस्त्याकडेला झाडाझाडांना रंगीत पताका! पोरांना वाटले कुणाचे लग्न आहे. ती तिबेटी लोकांची वसाहत. १९५९ साली तिबेटातून दलाई लामांच्या मागोमाग हजारो माणसे भारतात आली. त्यांतल्या काही कुटुंबांना १९७२ पासून इथे जमिनी देऊन वसवले. या वसाहतीचे नाव नोर्ग्येलिंग. पावसाळ्यात हे लोक आपल्यासारखाच धान लावतात आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. नागपूरला स्वेटर घेताना तुम्ही ज्यांच्याशी घासाघीस केली, ते कदाचित आपल्याच जिल्ह्याचे शेतकरी असतील!

जानेवारी असल्याने तरणी मंडळी बाहेरगावी होती. एका अंगणात एक म्हातारी जपमाळ ओढत उन्हाला बसली होती. आई तिच्याजवळ जाऊन टेकली. तिला हिंदी येत होते, थोडे मराठीही. तिने चहा दिला, लोणी आणि मीठ घातलेला. आईने पहिला घोट घेतला, तोंड वेडेवाकडे झाले, पण पेला रिकामा करूनच खाली ठेवला. दुसऱ्याच्या अंगणातला चहा टाकायचा नसतो. म्हातारी सांगू लागली. लहान असताना बापाच्या पाठीवर बसून तिने बर्फाचा डोंगर ओलांडला. पुढे आई-बाप पहाडात सडकेच्या कामावर खडी फोडत, तीही फोडत असे. मग या जंगलात आले. धान कसा रोवायचा ते ठाऊक नव्हते, आजूबाजूच्या गावच्या बायांनी शिकवले.

आईने विचारले, “सडकेवर टोपलं डोक्यावर का पाठीवर?” म्हातारी म्हणाली, “पाठीवर.” आई म्हणाली, “आमचं डोक्यावर.” आणि दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मी मेकाँग नदी पाहून आलो असे सांगितले, तेव्हा म्हातारी म्हणाली, ती नदी तर आमच्याच मुलखातून निघते. मंडळी, हे खरेच आहे. माझ्या विदेशाचे मूळ मला माझ्याच जिल्ह्यात, एका अंगणात भेटले.

दिवस कलताना इटियाडोहावर पोहोचलो. गाढवी नदीवरचे हे धरण. पाणी दूरवर डोंगराला टेकलेले. आई भिंतीवरून हळूहळू चालत गेली. एका जागी थांबून म्हणाली, “हेथंच कुठंतरी आमची खदान व्हती.” माझ्या मुलीने विचारले, “आजी, तू किती टोपली वाहिलीस?” आई म्हणाली, “कोन मोजते माय? आठवडी हाजरी भेटे, तेवढीच मोजत व्हतो.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. पाण्याजवळ उतरून तिने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. दहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने पुस्तकात धरणे वाचली होती; धरण बांधणारी बाई आपल्याच घरात रोज सूप पाखडते, हे तिला त्या दिवशी कळले.

आईचा धरणावरचा फोटो मी व्हिएतनामच्या त्या शेतकऱ्याला फोनवरून पाठवला. खाली लिहिले, “तुम्ही आलात तर हे दाखवीन.”

आता तुमच्याबद्दल. परदेश पाहण्याची संधी आली तर जरूर जा. तालुका कृषी कार्यालयात अभ्यास दौऱ्यांची चौकशी करत राहा. पासपोर्ट काढून ठेवा. तो दहा वर्षे चालतो. पण त्या दिवसाची वाट पाहत जवळचे टाकू नका. आमच्या दिवसाचे भाडे दोन घरांत वाटले, तर मंडईच्या एका पाहुणचाराएवढेही आले नाही. गाडी परवडत नसेल तर गोंदिया-बल्लारशा रेल्वेने देवलगाव किंवा अर्जुनीला उतरता येते. पाखरांसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. व्याघ्र प्रकल्पाच्या आत जायचे तर शुल्क आणि परवाना लागतो, आणि पावसाळ्यात तो बंद असतो. पाखरांवर दगड मारू नका, मोठ्याने गाणी लावू नका, पत्रावळी आणि प्लास्टिक परत घेऊन या. सालेकसा बाजूच्या मंडळींना दरेकसाजवळचा हाजरा धबधबा आहे, माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा आहे. गोंदिया बाजूला धानाच्या बांधीत माणसाएवढा उंच सारस जोडीने फिरताना दिसतो; महाराष्ट्रात तो आता आपल्याच भागात उरला आहे.

आणि एक काम निघण्याआधी करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, “तुला कुठं जायचं राहून गेलं?” तिकडचा बेत आधी ठरवा. उन्हाळी धानाचा रोवणा सुरू झाला, की पुन्हा सवड मिळणार नाही.